गाठीपेक्षा तूच निबर

विमे, तुले जाऊन पंधरवडा होत आला, तरी तुझ्याकडे बसायले येणाऱ्या बाया काही थांबून नाही राह्यल्या. काल त्यातली एक म्हणाली, "भाग्याची गेली बिचारी, कुंकवासकट गेली." भाग्य म्हणे! पन्नाशी नाही गाठली बाईनं, शेवटचे महिने अंथरुणात कण्हत काढले, अन् ह्यायले त्यात भाग्य दिसून राह्यलं! दुसरीनं तं आणखी वर म्हटलं, "किती धर्माची होती, शेवटपर्यंत नियम मोडला नाही." तिले तिथंच फाडून खावं असं वाटलं. पण आमचे नेमीनाथभाऊजी, तुझा नवरा, समोर भिंतीले टेकून बसले होते, दाढी वाढलेली, नजर खाली. त्यायच्याकडे पाहून मी चपला घातल्या अन् घरी निघून आली. तोंड आवरणं माझ्या स्वभावात नाही, हे तुले वेगळं सांगायले नको.

तं आता तुलेच बोलते. तू मेली म्हणून आपलं भांडण मिटलं, असं समजू नको. तू मधातच उठून गेली, नेहमीसारखी.

दोघी लग्न होऊन ह्या बोळात आलो तेव्हापासूनची तुझी ही खोड. उत्तर सुचलं नाही की "जाते व माय, सैपाक राह्यला" म्हणायची अन् बोळ ओलांडून आपल्या घरात. दिवस मावळायच्या आत तुम्हा जैनांची जेवणं झाली पाहिजेत, त्याच्यापुढं कोणाचं काय चालते! माझ्या तव्यावर पहिली भाकर पडायच्या टायमाले तुझी भांडी घासून पालथी पडलेली असायची. आभाळ भरून आलं की तू माझ्या दारात. "शके, घड्याळात पाह्य ना वं किती वाजले, सूर्य काही दिसून नाही राह्यला." मी म्हणायची, "त्यानं काय तुह्या घरी येऊन सांगायचं, चाललो बाप्पा म्हणून?" तू हसायची, पण घड्याळ पाहिल्याशिवाय जायची नाही. अन् मंग उजाडेपर्यंत पाण्याचा थेंब नाही. आपल्या अनसिंगचा उन्हाळा अन् पाणी नाही! तुझ्याकडे पाहून मलेच तहान लागायची.

मले ते आवडायचं, खरं सांगते. मी शाळेत मास्तरीण, दिवसभर पोरींवर ओरडणार, घरी आली की दिराशी वावराच्या धुऱ्या-बांधावरून भांडणार. माझा कशातच नेम नाही. अन् तू अशी नेमाची. मी तुमच्या जातीची नाही, धर्माची नाही, तरी तुझ्या उपासाच्या दिवशी मले माझ्या घरात कांदा चिरायची लाज वाटायची. तू म्हणायची, "चिर ना वं, मी काय तुले पाप लावायले बसली काय?" असं कोण म्हणते आता? कोणी नाही म्हणत.

मागच्या उन्हाळ्यात माझ्या परसात कपडे वाळत घालता घालता तू म्हणाली, "शके, महिना संपते अन् अंगावरून जाणं काही थांबत नाही." नवऱ्याच्याही आधी मले सांगितलं. मी तुले ओढत वाशीमले नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईनं तपासलं अन् हात धुताना आमच्याकडे पाठ करूनच म्हणाली, नागपूरले न्या. पिशवीच्या तोंडाशी गाठ. नाव तिनं घेतलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

शाळेले सुट्या होत्या म्हणून मी तुमच्यासंग निघाली. शेलूबाजारले नागपूरची गाडी उशिरा आली अन् दिवस चालला मावळून. तू तुझ्या पत्र्याच्या पेटीवर बसून डबा उघडला, दशमीचा घास तोंडात, अन् कंडक्टर दोरी ओढून घंटी वाजवून राह्यला. "बाई, गाडीत बसून खा ना!" तू भरल्या तोंडानं त्याले म्हटलं, "गाडीत बसेपर्यंत सूर्य थांबते काय? दिवसाउजेडी खायचा नियम आहे माहा." तो हसला. म्हणाला, "सूर्याचं मले माहीत नाही, मी थांबतो. खा आरामात." अख्खी गाडी थांबली तुझ्यासाठी. भाऊजी ओशाळून इकडंतिकडं पाहत होते, अन् तू मजेत लोणच्याची फोड चोखत होती. एका वाक्यात काम झालं. अनोळखी माणसाले सांगितलं अन् काम झालं. हे ध्यानात ठेव, विमे, मले ह्याच्यावरच तुझ्याशी भांडायचं आहे.

नागपूरच्या त्या दवाखान्यात तुले मशीनीचा, किरणांचा शेक सुरू झाला. रोज सकाळी आठाची पाळी. त्यातले काही दिवस शेकाच्या आधी गोळ्या, एकदोन नाही, मूठभर. सुरू व्हायच्या आदल्या दिवशी नर्सनं त्या दाखवल्या तं हातावर घेऊन तू पाहत राह्यली अन् म्हणाली, "अवं शके, ह्या तं जुलाबाच्या गोळ्या होय! आपल्या दवाखान्यात देतेत त्या. मले कुठं जुलाब झाले?" मलेही तसंच वाटलं. मी तडक तिथल्या एका तरुण डॉक्टरले व्हरांड्यात गाठलं. म्हटलं, साहेब, खेड्यातली माणसं दिसली की काहीही देता काय? तो चिडला नाही. त्याले शिकवायची हौस होती, ते मले लगेच समजलं. त्यानं सांगितलं की गोळी जुलाबाचीच आहे, पण तिचा दुसराही एक गुण आता ध्यानात आला आहे. गाठीच्या पार मधात रक्त नीट पोचत नाही, हवा नसते, अन् तिथल्या पेशी शेकाले दाद देत नाहीत. बाकीच्या मरतात अन् ह्या उरतात, मंग पुन्हा वाढतात. ही गोळी मोठ्या प्रमाणात दिली तं हवेची जागा भरून काढते अन् त्या पेशींवर शेक लागू पडते. "पेशी हळव्या होतात म्हणा ना," तो म्हणाला. "पण बाई, मी खात्री देत नाही. नवीन आहे, करून पाहतो आहोत."

मी ते तुले तुझ्या खाटेवर बसून सांगितलं, आपल्या भाषेत. भेंडी कोवळी असली की चट शिजते, निबर झाली की कितीही शेक दे, तशीच राह्यते. तुझ्या गाठीत मधात निबर भाग आहे, अन् ही गोळी त्याले हळवा करते. तू ऐकून घेतलं अन् म्हणाली, "गाठ हळवी होईन तं मंग रडंन काय वं?" आजूबाजूच्या बाया खदखदून हसल्या. ज्यायले हसताना दुखत होतं त्याही हसल्या. मी म्हटलं, "अन् तू?" तू म्हणाली, "मी कायले रडू? मी तं पहिल्यापासूनच निबर आहे." तेव्हा मलेही हसू आलं. आता त्याच बोलण्याचा इतका राग येते की भेंडी चिरता येत नाही मले.

आम्ही धर्मशाळेत झोपत होतो, वॉर्डात रात्री फक्त बाया अन् नर्स. पहाटे चार वाजता नर्स उठवायची, गोळ्या हातावर ठेवायची अन् पुढच्या खाटेकडे जायची. शेकाची पाळी आठाची, गोळ्या चारले. हे चार कायले, कोणी सांगितलं नाही. डॉक्टरनं मले पेशी सांगितल्या, हवा सांगितली, चारची गोष्ट सांगितली नाही. मंग माझी शाळा उघडली. मी परत आली अन् तुझी नणंद तिथं राह्यली.

तू घरी आली तेव्हा आम्ही म्हटलं, सुटलो. महिनाभर तू तुमच्या दुकानात गल्ल्याजवळ येऊनही बसली. मंग दुखणं पुन्हा सुरू झालं. भाऊजी नागपूरले जाऊन आले अन् दुकानाच्या पायरीवर बसून राह्यले. पुन्हा शेक देता येत नाही, अन् दुसरं काही उरलं नाही, एवढंच त्यायले सांगितलं होतं. मले ते भाऊजींच्या तोंडावरूनच समजलं.

अन् मंग ती दुपार. मी तुझे केस विंचरून देत होती, उरलेसुरले. तू अगदी सहज म्हणाली, "शके, एक गंमत सांगू? त्या पहाटेच्या गोळ्या आहेत ना, त्या मी पदराच्या गाठीत बांधून ठेवत होती. उजाडलं की घेत होती."

माझा हात थांबला. "पहाटे घेत नव्हती?"

"नाही व माय. अंधारात पाणी कसं पिऊ? नियम आहे ना. पण घेत होती बरं, एकही फेकली नाही. एकदोन डाव उलटी झाली ते सोड."

"अन् डॉक्टरले सांगितलं?"

"त्याले कायले सांगायचं? औषध पोटात गेल्याशी मतलब. चारले घेतलं काय अन् सहाले घेतलं काय."

"अवं, चारले देऊन राह्यले म्हणजे काही कारण असंन ना! नर्सले काय झोप येत नव्हती म्हणून उठवत होती काय तुले?"

"तुले तं भांडायले काही पण पुरते."

"औषधाले सूट असते ना तुमच्यात? तुह्या सासूनं आजारपणात घेतलं होतं ना रात्रीचं औषध?"

"तिनं नियम घेताना सूट ठेवली होती. मी नव्हती ठेवली."

"कायले नव्हती ठेवली?"

"तवा मले कोन्ता रोग होता वं?"

मी म्हटलं, मंग आता मागून घ्यायची होती सूट. तुमच्या आर्यिका माताजी इथंच देवळात उतरल्या होत्या आपण नागपूरले निघालो तवा, त्यायले विचारायचं होतं. तू माझ्याकडे असं पाह्यलं की जसं मी तुझ्या ताटात मासा वाढला. म्हणाली, "मरायच्या भीतीनं सूट मागू?" मी ओरडली, हो, मरायच्या भीतीनं! माणसं मरायच्या भीतीनंच औषध घेतात, हौसेनं नाही! शेलूबाजारच्या कंडक्टरले नियम सांगता येते अन् डॉक्टरले नाही सांगता येत? तिथं पेटीवर बसून गाडी थांबवली, अन् इथं जिवाचा प्रश्न होता तं तोंड शिवून घेतलं? तू म्हणाली, "कंडक्टर आपल्यातला होता. डॉक्टर साहेब माणूस. तो म्हणाला असता, अडाणी बाई, आली देवधर्म घेऊन." अन् भिंतीकडे तोंड फिरवलं. "जाय आता शके, झोप येऊन राह्यली." त्यानंतर तू बोलण्यासारखी राह्यलीच नाही.

म्हणजे भांडण कुठं अडलं होतं? तू म्हणत होती, फरक पडत नाही. मी म्हणत होती, पडते. दोघींपैकी कोणालेच माहीत नव्हतं.

तू गेल्यावर भाऊजींले मी सूट मागण्यावरचं हे सगळं सांगितलं. ते रडले नाहीत, फक्त म्हणाले, "विचारलं असतं तं तवाच सूट भेटली असती. औषधाले कोण नाही म्हणते? माताजी उलट रागावल्या असत्या, शरीर असं टाकून देऊ नये म्हणून." ऐकलं ना? तुझ्या धर्मानं तुले अडवलं नव्हतं. माझं भांडण तुझ्या धर्माशी नाहीच. तुझ्या अंगात जो ताठा होता ना, मऊ बोलणाऱ्या माणसाचा ताठा, तो कोणाच्या लक्षात नाही आला याचाच मले संताप येते. सगळे म्हणायचे विमल म्हणजे लोणी. लोणी नव्हती तू.

मंग मी शाळेतून रजा टाकली अन् नागपूरले गेली. कशाले, असं घरी विचारलं तं म्हटलं, भांडणाचा निकाल लावायले.

डॉक्टरनं मले ओळखलं. तू गेल्याचं सांगितलं तं तो उभा राह्यला, खरंच वाईट वाटलं त्याले. मी म्हटलं, साहेब, एकच विचारायचं आहे. त्या गोळ्या पहाटे चारले घेतल्या काय अन् उजाडल्यावर घेतल्या काय, फरक पडते का? तो म्हणाला, "पडतो तर. पोटातून रक्तात, रक्तातून गाठीच्या मध्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. शेकाच्या वेळी ती तिथं भरपूर असायला हवी. म्हणून तर चारची वेळ ठेवली." मी म्हटलं, आमची विमल उजाडल्यावर घेत होती. नियम होता तिचा.

विमे, भांडण मी जिंकली. अन् मी तिथल्या बाकावर बसली.

तो म्हणाला, वेळेवर घेतली असती तं वाचल्याच असत्या असं मी म्हणणार नाही, कोणीच म्हणू शकत नाही. मले ते समजते. मी काही लहान लेकरू नाही. पण मंग तो म्हणाला, "आधी सांगायला हवं होतं हो. मशीन संध्याकाळपर्यंत चालतं. त्यांची पाळी दुपारी बाराची लावली असती, गोळ्या आठला दिल्या असत्या."

मी विचारलं, "एवढंच?"

"एवढंच."

ऐकून राह्यली का तू? तुझा नियमही मोडला नसता अन् गोळीही वेळेवर गेली असती. कोणाची सूट नको, काही नको. फक्त पाळी बदलायची होती. एक वाक्य, विमे. दशमी खाता खाता कंडक्टरले म्हटलं तेवढं एक वाक्य. मले त्या बाकावर बसून तुझ्या नावानं बोंब मारावीशी वाटली. मारलीही असती, पण समोर बाया शेकासाठी रांगेत बसल्या होत्या.

अन् तो पुढं जे बोलला त्यानं तं माझं डोकंच फिरलं. म्हणाला, "आम्ही असं धरलं होतं की तुमच्या मैत्रिणीच्या बाबतीत गोळीचा उपयोग झाला नाही." म्हणजे तू गप्प बसली अन् खोटी पडली ती गोळी! मी म्हटलं, साहेब, अशा किती बायांच्या बाबतीत धरलं तुम्ही असं? कोणाले विचारलं काय, बाई, तू गोळी केव्हा घेते? कोणाचा उपास असते, कोणाचा नेम असते, तुमच्या मशीनीले माहीत नसंन, तुम्हाले तं माहीत पाहिजे! तुम्ही ह्याच मुलखातले ना? तुमची आई चतुर्थी करत नाही काय? पेशीले हवा नाही ते दिसते तुम्हाले, अन् खाटेवरची बाई दिसत नाही? व्हरांड्यातले लोक वळून पाह्यले लागले. तो लाल झाला, पण म्हणाला, "चला. आत्ता विचारू."

वॉर्डात तो मधात उभा राहून म्हणाला, "पहाटेच्या गोळ्या सगळ्या जणी वेळेवर घेता ना?" सगळ्या एका सुरात, "घेतो जी साहेब." त्यानं माझ्याकडे पाह्यलं, की पहा. मी म्हटलं, सरका बाजूले.

"बायांनो," मी म्हटलं, "मी मास्तरीण आहे, मले खोटं लवकर समजते. कोणी रागावणार नाही, कोणाले घरी धाडणार नाही. इथं माझी मैत्रीण होती. तिनं सांगितलं नाही अन् ती मेली. आता सांगा. पहाटेच्या गोळ्या पहाटे कोण कोण घेत नाही? हात वर करा."

खिडकीजवळच्या म्हातारीनं हात वर केला. तिले रिकाम्या पोटी मळमळते, म्हणून ती सकाळच्या चहासंग घेते. मंग एक खालाजान, तिनं रोजे धरले होते तेव्हा पहाटेचं खाणं चारच्या आधीच उरकायची, म्हणून गोळ्या रोजा सुटेपर्यंत उशीखाली ठेवल्या होत्या अन् मंग तीच सवय पडली. एकीचे सोमवार. एकीले जुलाब झाले नव्हते म्हणून तिनं त्या जपून ठेवल्या, गावी लेकराले होतीन म्हणून! एकामागून एक हात वर होत गेले, बांगड्यांचा आवाज येत राह्यला, अन् डॉक्टर जवळच्या स्टुलावर खाली बसला. त्याच्या तोंडाकडे पाहून मले त्याची कीव आली, पण राग काही कमी झाला नाही.

तुझ्या खाटेवर आता कोण्या खेड्यातली एक सून आहे, अंगानं काडी. तिनं सगळ्यायच्या शेवटी हात वर केला, दुसऱ्या हातानं डोक्यावरचा पदर धरून. डॉक्टरनं तिले विचारलं, "तुम्हाला काय अडचण होती?" ती म्हणाली, "अडचण काही नाही जी. पाण्याची घागर पार तिकडं आहे, अंधारात उठून जायचं भेव लागते." "मग नर्सला सांगायचं ना." तं ती खाली पाहून म्हणाली, "मले वाटलं, कोणी विचारंन तं सांगू."

तुलेही कोणी विचारलं नव्हतं, विमे, हे मी मान्य करते. त्याचा राग मी त्या डॉक्टरवर काढून आली. पण मी विचारायची वाट तं तू कधी नाही पाह्यली. भाजीत मीठ जास्त पडलं ते सांगायची, नवरा घोरते ते सांगायची, अंगावरून जाते ते सांगितलं. तीस वर्षं बोळ ओलांडून येऊन सगळं मले सांगितलं. मंग हे एवढंच टायमावर काहून नाही सांगितलं वं?